उजव्या कानाची कॅप्सूल

"सर, कॅप्सूल कुठे गेली?" मी विचारलं.

संस्थेच्या सभागृहात रंगीत तालीम चालू होती. सोमवारी पत्रकार येणार, विश्वस्त येणार, म्हणून डॉ. उपेंद्र रांगणेकर शनिवारी सकाळीच आपलं भाषण आम्हा पाचसहा जणांसमोर म्हणून बघत होते. ते आमचे संचालक आणि माझे पीएचडीचे मार्गदर्शक. पडद्यावर उंदराच्या मेंदूचा एमआरआय होता. करड्या मेंदूत एका बाजूला मुगाएवढा पांढरा उजेड. त्या उजेडासाठीच आमचा दोन वर्षांचा खटाटोप चालला होता.

"कुठली कॅप्सूल?"

"उजव्या कानापाशी चिकटवलेली. प्रत्येक फोटोत असते. ह्यात नाहीये."

"अच्छा, तो ठिपका!" सर हसले. "कापला. पत्रकार विचारत बसतील, ही गाठ आहे का म्हणून. सगळेच फोटो जरा नीटनेटके करून घेतले."

बाकीचेही हसले. मला हसू आलं नाही. माझ्या नाकावर कायम राग बसलेला असतो असं आई म्हणते, पण त्या क्षणी तो राग नव्हता, नुसती चुटपुट होती. कापायचं तर निदान मला विचारायचं. ती कॅप्सूल मी चिकटवत होते.

तो फोटो अजून त्या सभागृहाच्या भिंतीवर आहे, चौकटीत बसवलेला, कॅप्सूल कापलेला. मध्ये पंधरा वर्षं गेली. गेल्या महिन्यात एका कामासाठी मिरजेला गेले होते, मुद्दाम संस्थेत जाऊन बघितला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तालमीनंतरच्या दोन दिवसांत गेली होती तेवढीच. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. मेंदूतला कुठला भाग कशाला जोडलेला आहे हे बघायचं तर पूर्वी जनावर मारायचं आणि मेंदूच्या चकत्या करायच्या, एवढाच मार्ग होता. मँगनीजने दुसरा मार्ग दाखवला. उंदराच्या डोळ्यात मँगनीजचं पाणी कणभर टोचलं की तिथल्या पेशी ते कॅल्शियम समजून आत ओढतात. मग ते दृष्टीच्या नसेतून चालत चालत मेंदूत पोचतं. एमआरआयमध्ये ते पांढरं उजळतं. नस धड असेल तर मेंदूत उजेड, तुटलेली असेल तर अंधार. प्रमाण चुकलं तर मँगनीज विषारी, उंदीर थरथरायला लागतो. पण प्रमाण सांभाळलं तर तो गुंगीतून उठून दाणे खायला मोकळा.

आम्ही जयसिंगपूरचे मगदूम, जैन. आमच्या घरात मुंगीलासुद्धा वाट करून देतात. मी उंदरांवर काम करणार म्हटल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला होता आणि मग एकच अट घातली होती, जीव घ्यायचा नाही. ह्या कामात ती अट पाळता येत होती, म्हणून मी हे काम धरलं होतं.

दृष्टीच्या नसा मेंदूत शिरताना एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात. उंदरात तर जवळजवळ सगळ्याच. त्यामुळे उजव्या डोळ्यात टोचलं तर उजेड डाव्या मेंदूत पडतो. आता, पडद्यावर डावं-उजवं फार फसवं असतं. यंत्राला एक सूचना चुकीची दिली की चित्र आरशातल्यासारखं उलटतं. त्यात आमचं यंत्र माणसांचं, शेजारच्या इस्पितळाचं, सुट्टीच्या दिवशी आम्हाला मिळायचं. पेशंटच्या नातेवाइकांना कळू नये म्हणून आम्ही पिंजऱ्यांवर चादर टाकून उंदीर न्यायचो आणि तिथला तंत्रज्ञ खाडे आमच्या मागे डेटॉलचा बोळा घेऊन फिरायचा. अशा ठिकाणी डाव्या-उजव्याची खूण हवीच. व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते. आत तेल असल्यामुळे ती फोटोत लख्ख दिसते. ती मी प्रत्येक उंदराच्या उजव्या कानापाशी चिकटवायचे. चित्र कसंही उलटो, जिकडे कॅप्सूल तिकडे उजवा कान.

सरांचं औषध तुटलेली नस पुन्हा जोडतं, असा सरांचा दावा होता. आमच्या पशुवैद्य मुल्ला मॅडमनी सगळ्या उंदरांची उजवी नस डोळ्यामागे चिमट्यात दाबून निकामी केली होती. बाहेरून डोळा धडधाकट दिसायचा, दोन्ही डोळ्यांत काही फरक कळायचा नाही. मग अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. शेवटी सगळ्यांच्या उजव्या डोळ्यात मँगनीज टोचायचं आणि बघायचं. मीठपाण्याच्या उंदरांना मी टोचलं. त्यांच्या मेंदूत अंधार. औषधाच्या उंदरांना टोचायच्या दिवशी विश्वस्त फोटोग्राफर घेऊन आले होते, म्हणून सर म्हणाले, आज मी टोचतो. इतिहास घडत असताना हात त्यांचाच हवा होता. मी पलीकडे यंत्रापाशी होते. मँगनीज मेंदूत पोचायला लागणारे तास उलटले की एकेक उंदीर पुन्हा गुंगी देऊन तिथून यायचा, मी कॅप्सूल चिकटवून आत सरकवायचे. त्यांच्या मेंदूत उजेड पडला. खाडे आणि मी पडद्यासमोर अक्षरशः नाचलो होतो.

मला नाचायला कारण होतं. माझा थोरला भाऊ भरतेश, भरतेशदादा, जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून रिवाइंड करायचा. स्टेशन रोडला त्याचं दुकान होतं. मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या डोक्याला मार बसला आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा चिरडल्या गेल्या. उजव्याने काहीच दिसेना. डाव्याने मात्र थोडं दिसत राहिलं. खिडकी, दार, माणसाचा आकार. त्याची लेक दारात येऊन उभी राहिली की त्याला कळायचं. तो उभ्या सावलीला हाक मारायचा आणि ती धावत यायची. भिंत न चाचपता तो घरभर फिरायचा. त्याच्याकडे एवढंच शिल्लक होतं.

त्याला मी माझं काम समजावलं तेव्हा तो लगेच म्हणाला होता, "म्हंजी वायर कुठं तुटलीया ते आम्ही बल्ब लावून बघतो, तसंच की!"

"तसंच."

"मग तुमचा बल्ब पेटला का न्हाई?"

"पेटला, दादा."

त्या फोटोंच्या जोरावर सरांना माणसांवर औषध वापरायची परवानगी मिळाली आणि पहिला पेशंट म्हणून दादाचं नाव ठरलं. सोमवारी, पत्रकारांदेखत, दादाच्या डाव्या डोळ्यात औषध टोचायचं होतं. डाव्या का? तर उजव्यात काही उरलेलं नाही, डाव्यात जीव आहे, तिथे निकाल पटकन दिसेल. डोळ्यात खोलवर सुई जाणार, तिचा धोका असतोच. उरलेलंही जाऊ शकतं. पण नस जोडली जाणार असेल तर तेवढा धोका घ्यायचा, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. दादाने सही केली होती.

तालीम संपल्यावर मी खाडेकडे गेले.

"मूळ फोटो काढा. औषधाच्या उंदरांचे."

"आत्ता? पेशंट आहेत बाहेर."

"एकच मिनिट."

खाडेने कुरकुरत पहिला फोटो उघडला. कॅप्सूल होती, टपोरी, पांढरी. आणि उजेड तिच्याच बाजूला होता.

"पुढचा," मी म्हटलं. खाडेने दुसरा उघडला, तिसरा उघडला. प्रत्येक फोटोत उजेड कॅप्सूलच्या बाजूला. उजव्या कानाकडे. म्हणजे उजव्या मेंदूत. म्हणजे तो डाव्या डोळ्यातून आलेला. डाव्या डोळ्याची नस कुणी तोडलीच नव्हती. धडधाकट नसेतून उजेड जाणारच!

"कॅप्सूल उलट्या कानाला चिकटली असेल," खाडे म्हणाला.

"सगळ्यांची? माझ्या हातून?"

 मी पडद्यावर सगळ्यात आधी माझी कॅप्सूल बघते हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी का नाही बघितली? कारण उजेड दिसताच आम्ही नाचत सुटलो होतो, आणि मी कॅप्सूल बघायच्या आतच सर खोलीत आले होते, उजेड बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि फोटो पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. मला ते पुढे दिसले ते थेट तालमीत, नीटनेटके केलेले.

चूक कशी झाली असेल हे मला सरांच्या खोलीचा जिना चढता चढता कळलं. सर मुळात डोळ्यांचे सर्जन. उभ्या जिल्ह्यात मोतीबिंदूसाठी त्यांचं नाव. माझ्या आईचं ऑपरेशनही त्यांनीच केलेलं. डोळ्यांचा सर्जन पेशंटच्या डोक्याशी बसतो. पेशंट उताणा, सर्जन डोक्याशी, त्यामुळे पेशंटचा उजवा डोळा सर्जनच्या उजव्या हाताला येतो. आयुष्यभर तसंच. पण उंदीर पालथा असतो. पालथ्या उंदराच्या नाकाशी बसलं की उजव्या हाताला येतो तो डावा डोळा. त्यात सरांना सवय हिरवं कापड टाकायची. कापडाला एक भोक, भोकातून एकच डोळा. त्या कापडाखाली माणूस आहे की उंदीर, हात काय विचारणार?

म्हणजे मुद्दाम केलेलं नव्हतं. हे कळल्यावर मला खरं तर हायसं वाटलं. चूक आहे, सांगू, सुधारतील. मी तेव्हा इतकी बावळट होते.

"बस," सर म्हणाले. "चहा?"

"नको, सर. औषधाच्या उंदरांना आपण चुकून डाव्या डोळ्यात टोचलंय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पद्मजा, कॅप्सूल सरकते."

"एका कानावरून दुसऱ्या कानावर?"

"मग यंत्राने चित्र उलटवलं असेल."

"उलटवलं तरी कॅप्सूल आणि उजेड एकत्रच उलटतील. त्यांची बाजू एकच राहणार."

"मी किती डोळे केलेत ठाऊक आहे तुला? मला डावा-उजवा कळत नाही असं म्हणायचंय?"

"सर, खाली चला. एकदा नुसतं बसून दाखवा."

ते आले. का आले कुणास ठाऊक. त्यांना वाटलं असेल, पोरीचं तोंड एकदाचं बंद होईल. मी एका उंदराला गुंगी दिली, टेबलावर पालथा ठेवला आणि वर हिरवं कापड पसरलं. सरांनी पायानेच चाकांचं स्टूल ओढलं. नाकाच्या बाजूला. बसले, सुई नसलेली सिरिंज घेतली, कापडाचं भोक सरकवत नेमक्या डोळ्यावर आणलं.

"हा उजवा," ते म्हणाले.

मी कापड उचललं.

त्यांचा हात तिथेच राहिला. उंदराचा उजवा कान मी लाल खडूने रंगवून ठेवला होता आणि तो त्यांच्या डाव्या हाताला होता. सर त्या कानाकडे बघत बसले. त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यामुळे ह्याबद्दल मला कुणी शंका विचारू नये. त्या माणसाला सगळं कळलं होतं.

त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "हे कुणाला बोललीस?"

"खाडेंना माहितीये."

"खाडेशी मी बोलतो. आता नीट ऐक. सोमवार होऊ दे. उंदरांचं नंतर पुन्हा करू, नीट करू, तू टोच."

"आणि दादा?"

"औषध काम करत नाही, असं तरी कुठे सिद्ध झालंय? उजवे डोळे तपासलेच नाहीत. कदाचित जोडलेही असतील."

"कदाचित?" माझा आवाज चढला. "कदाचित म्हणून तुम्ही त्याच्या डोळ्यात सुई घालणार? तेवढ्या डोळ्यावर माणूस जगतोय, सर!"

"त्याने समजून उमजून सही केलीय."

"काय समजून? तुम्ही कापलेले फोटो बघून?"

"आवाज खाली," ते म्हणाले. "पीएचडी अजून व्हायचीय तुझी. एवढीच शंका असेल तर काप ते उंदीर आणि बघ नस जोडलीय का. नाही कापणार ना? आईला वचन दिलंयस. मग शंका तरी कशाला काढतेस?"

आईचं वचन मी त्यांना एकदा चहा पिताना कौतुकाने सांगितलं होतं. ते त्यांनी असं माझ्या तोंडावर फेकलं. मी काय काय बोलले ते आठवत नाही. मुल्ला मॅडम पलीकडच्या खोलीतून धावत आल्या आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या, एवढं आठवतं. त्यांनाही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेटा, मला ह्यात ओढू नकोस." मला त्यांचाही संताप आला.

मी तशीच एसटी धरून जयसिंगपूर गाठलं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे मी पोचले तेव्हा ताटं वाढलेली होती. दादा भिंतीला टेकून बसला होता. मी उंबऱ्यात उभी राहिले तशी त्याने मान वर केली.

"आलीस? सरांचा फोन आलता मघाशी."

"काय म्हणाले?"

"बहिणीचं जरा बिनसलंय म्हणाले. कामाच्या ताणानं डोकं फिरलंय, घरी काय तरी वेडंवाकडं सांगंल, मनावर घिऊ नका." तो हसला. "भांडून आलीस व्हय गं, पद्मे? ऐन टायमाला?"

मला वाटलं, समोरचं ताट उचलून भिंतीवर मारावं. माझ्याआधी फोन माझ्या घरी पोचला होता.

"दादा, सोमवारी जायचं नाही."

आईचा हात थांबला. त्रिशला वहिनी भाकरी टाकायची सोडून चुलीपुढून उठली. मी सांगत सुटले. कॅप्सूल, उजेड, डावा डोळा. कुणाला काही कळेना. दादा म्हणाला, "एवढा मोठ्ठा डॉक्टर. त्याला डावाउजवा कळंना आणि तुला कळतोय?"

"उताणा झोप," मी म्हटलं.

"आँ?"

"झोप म्हणते ना! चटईवर, उताणा."

तो पुटपुटत आडवा झाला. मी त्याच्या डोक्याशी बसले, सर बसतात तशी, आणि उजवा हात पुढे करून त्याच्या डोळ्यावर ठेवला. "कुठला डोळा?"

"उजवा."

"आता पालथा हो. डोकं तिथंच ठेव. हनुवटी टेकव."

तो पालथा झाला. मी जागची हलले नाही. तोच उजवा हात तसाच पुढे केला.

"कुठला?"

 माझ्या बोटांखाली त्याची पापणी हलत होती. तो चांगला डोळा होता, डावा. 

"उंदीर पालथे असतात, दादा," मी म्हटलं.

तो उठून बसला. वहिनी रडायला लागली होती. "वन्सं, आता वो काय करायचं?" ती मला विचारत होती. मी काय सांगणार होते? मग दादाचा आवाज आला, आणि तो सरांवर नव्हता, माझ्यावर होता.

"दोन म्हैनं तूच सांगत हुतीस न्हवं? बल्ब पेटला, दादा! पोरीला म्या सांगून ठिवलंय, दिवाळीला तुझं तोंड बघीन म्हणून. आज येऊन सांगतीस हात चुकला?"

"आज कळलं तर आज सांगू नको?"

"सोमवारी मी जाणार."

"दादा!"

"मी जाणार. सही माझी हाय, डोळा माझा हाय. तुमचं तुम्ही काय ते भांडा."

"अरे, मूर्खा, आहे तेवढंही जाईल!" मी ओरडले. थोरल्या भावाला मी कधी असं बोलले नव्हते. आईने मला गप्प केलं. त्याने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागला. मी उपाशीच राहिले. रविवारभर आम्ही एका घरात होतो आणि तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. काय बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा सरांपेक्षाही जास्त राग आला होता.

सोमवारी वहिनी त्याला घेऊन निघाली. मी एसटीत त्यांच्या मागच्या सीटवर बसून गेले. त्याच्या अंगावर पांढराशुभ्र शर्ट होता, इस्त्री केलेला, जणू लग्नाला निघाला होता.

संस्थेत मांडव घातला होता. सभागृह भरलेलं. शेजारच्या छोट्या ऑपरेशन थिएटरला मोठी काच बसवली होती, म्हणजे पाहुण्यांना खुर्चीत बसून सगळं दिसावं. सरांच्या कॉलरला माइक लावला होता. ते आत बोलतील ते सभागृहातल्या कर्ण्यांवर ऐकू येणार होतं. मला आत जायला मनाई होती. दारावरच्या माणसाने तसं तोंडावर सांगितलं. मी काचेपाशी जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्यावर भिंतीवर तो फोटो होता, नव्या कोऱ्या चौकटीत.

मी ठरवलं होतं. सरांनी सुई उचलली की काचेवर खुर्ची घालायची. उचलायला हलकी अशी एक खुर्चीही हेरून ठेवली होती. पुढे जे व्हायचं ते होवो.

दादाला आत आणलं. तो टेबल चाचपून त्यावर चढला आणि उताणा झोपला. सरांनी पायानेच स्टूल ओढलं, डोक्याशी बसले आणि मागे न बघता सभागृहाशी बोलू लागले. आजचा दिवस किती महत्त्वाचा आहे, कोल्हापूर-सांगलीच्या मातीने देशाला काय दिलं आहे, असं काहीबाही. मग हिरवं कापड उचललं.

"सर, एक इचारू का?" कर्ण्यांतून दादाचा आवाज आला. माइकने तो उचलला होता.

"विचारा की, भरतेशराव. घाबरलात का?" सर पाहुण्यांकडे बघून हसले.

"न्हाई. उताणाच ऱ्हाऊ का पालथा होऊ?"

"म्हणजे?"

"उंदरं पालथी हुती म्हणं. पालथ्यावर तुमचा हात चुकतोय. तोडलेला डोळा उजवा, आणि तुम्ही मारलासा डाव्यात." दादा झोपल्या झोपल्या सावकाश, सगळ्यांना कळेल असं बोलत होता. "मी मोटरी बांधतो, सर. चांगल्या वायरीला बल्ब लावलासा, पेटला, आणि जळकी मोटर चालू झाली म्हणून गावभर सांगत सुटलासा. आमच्यात असल्याला गिऱ्हाईक दुकानातनं खाली वडतंय."

सरांनी कॉलरशी हात नेला, पण माइकचं बटण कुठे असतं ते त्यांना माहीत नव्हतं. "हे तुमच्या बहिणीने पढवलंय," ते म्हणाले, आणि तेही कर्ण्यांवर ऐकू आलं.

"तिनं पढवलं न्हाई, पालथं घातलं मला. तुम्ही बी पडून बघा. नायतर कापल्याली कॅप्सूल आणा आणि दावा सगळ्यास्नी."

 सभागृहात एक बाई पत्रकार उठली आणि तिने विचारलं, "डॉक्टर, कुठली कॅप्सूल?" मग दुसरा उठला. विश्वस्त एकमेकांच्या कानाला लागले. मी काचेपाशी उभी होते आणि माझे हात खुर्चीच्या पाठीवर इतके घट्ट आवळलेले होते की सुटेनात. दादा सबंध रविवार गप्प बसला होता तो ह्यासाठी. एकट्या बहिणीने सांगून कुणी ऐकणार नव्हतं, हे त्याला कळलं होतं. आणि तरी मला त्याचा राग आलाच. मला सांगायला काय झालं होतं? मी खुर्ची हेरून बसले होते!

पुढे ती चाचणी झाली नाही. संस्थेने 'तांत्रिक कारण' म्हणून दोन ओळींचं पत्रक काढलं. सर आणखी सात वर्षं संचालक राहिले, सत्काराने निवृत्त झाले. खाडेकडचे मूळ फोटो यंत्रातून पुसले गेले. मला संस्थेने काढलं नाही, नुसतं यंत्र देईनासे झाले. मी दुसऱ्या शहरात जाऊन नव्याने सुरुवात केली. फोटो मात्र भिंतीवर राहिला. गेल्या महिन्यात त्याच्याखाली शाळेची पोरं उभी होती आणि एक बाई त्यांना सांगत होत्या की इथे तुटलेली नस जोडली गेली.

त्या दिवशी मात्र दारावरच्या माणसाला ढकलून मी आत शिरले. सर स्टुलावर तसेच बसून होते, हिरवं कापड मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दादा टेबलावरून उतरून पायाने चपला शोधत होता. त्याच्या शर्टाला इतक्या चुण्या पडल्या होत्या की मला रडू आलं. मी वाकून चपला त्याच्या पायात सारल्या आणि त्याचा दंड धरला.

"इकडून," मी म्हटलं. "इकडून चल, दादा."

त्याने दंड हिसकून घेतला. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"हात सोड," तो म्हणाला. "दार दिसतंय मला."